श्वास कापणारा

नदीपासून तिसऱ्या गल्लीत टायरांचं जुनं गोदाम.
सेंट लुईस. नोव्हेंबर. हीटर एकच, तोही दाराशी.
मंच नाही. माणसांनी मागे सरून सोडलेली
खाटेएवढी जागा, तिच्यात दोघं समोरासमोर,
एकाच्या तोंडची वाफ दुसऱ्याच्या चष्म्यावर बसेल इतके.

ट्रेमेनचे चार अल्बम माझ्या हातून गेले.
माझं काम सांगू? मी त्याचे श्वास कापतो.
दोन ओळींमधला धापेचा ओला तुकडा
पडद्यावर निवडायचा, बटण दाबायचं. गेला.
लोकांना वाटतं हा माणूस दम न घेता बोलतो.
एका ओळीचे कधी चाळीस टेक,
आणि एकेचाळिसावा बाहेर गेला
की तोच पहिला होता असं तो मानू लागतो.
मीही.

"बॅटल म्हणजे काय," गाडीत म्हणाला,
"शब्दच ना? माझं पोट शब्दांवर चालतं."
तुझं पोट ड्रमवर चालतं, हे मी बोललो नाही.
शब्द त्याच्या खांद्यावर बसून येतात,
जत्रेतून परतणाऱ्या पोरासारखे.

इथे ड्रम नाही. खांदा नाही.

समोर व्हर्नेटा पीझ. शाळेची बस चालवते.
तीन महिने पहाटे पावणेसहाला
रिकाम्या बसच्या आरशात बघून घोकत होती.
तिचं एकही गाणं कुठे मिळत नाही.
ह्या खोलीत मात्र तिचं आडनावसुद्धा घ्यावं लागत नाही.

पहिल्या फेरीत तो बरा होता. खरंच बरा.
यमकं चोख; फक्त उजवा हात
नसलेला माईक धरायला वर जायचा.
गर्दीने ऐकून घेतलं, पाहुण्याला चहा विचारावा तसं.
प्रत्येक ओळीआधी मला त्याचा श्वास ऐकू आला,
आणि प्रत्येक वेळी खिशात माझं बोट हललं.

मग ती. आवाज चढवलाच नाही.
"तिसऱ्या अल्बममध्ये तू बापाला पुरलंस.
छान पुरलंस. माझा भाऊ रडला. मी पैसे मोजले.
आता ऐक. माझ्या चौथ्या थांब्यावर
मिस्टर ऑर्विल पोरांना रस्ता ओलांडून देतात,
हातात लाल पाटी, पायात दोन वेगळे मोजे.
रोज विचारतात मला, पोरगा कसाय.
काय सांगू, ट्रेमेन?
सांगू का, की तुम्ही वारलात?"

पत्रे थरथरले. कुणीतरी टोपी फेकली.
एक म्हातारा पाठ फिरवून भिंतीवर हात आपटत होता.

त्या ओळीमागची घंटा मी ठेवली होती.
चर्चची, लांबून येणारी.
दोन रात्री जागलो, ती नेमक्या जागी वाजावी म्हणून.
कोण गेलं, हे विचारलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीत ट्रेमेन सहा ओळी बोलला
आणि थांबला.
पाठ केलेलं सगळं डोळ्यांमागे कुठेतरी असावं,
तो वर, छताकडे, तिथे शोधत होता.
कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
मागून एक पोरगा सेकंद मोजायला लागला,
आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला.
मग नुसता श्वास. आत. बाहेर. आत.
अकरा वर्षांत मी कापलेले सगळे
एका रांगेत परत आल्यासारखे.

"मोजे," तो म्हणाला अखेर,
"आई असल्यापासून असेच घालतो तो."
यमक नव्हतं. फेरी संपली.
व्हर्नेटाने हात पुढे केला. त्याने धरला, जरा जास्तच वेळ.

तो जिंकू शकला असता का, लोक मला विचारतात.
मला वाटतं, चाळीस टेक मिळाले असते तर.
पण मग ते काय झालं असतं?

सोमवारी आला. नेहमीसारखा उशिरा.
एक कडवं बोलला, हेडफोन काढून बसला.
सवयीने मी पहिला श्वास निवडला,
पडद्यावर तो निळा झाला.
"कापू?" मी विचारलं.
त्याने बूटाची नाडी सोडली, परत बांधली.
अजून सांगितलेलं नाही.